लिस्ट आपोआप बदलते? पायथॉनमधला सारखा येणारा घोळ आणि त्याचा माग कसा काढायचा

"एका लिस्टला हात लावला तर दुसरीच बदलली", "फंक्शन दुसऱ्यांदा कॉल केलं की जुना डेटा परत येतो", "एका ओळीत फुली टाकली तर तिन्ही ओळीत दिसते", "सॉर्ट केली आणि लिस्टच गायब". पायथॉन शिकणारे हे प्रश्न वेगवेगळे समजून विचारतात आणि प्रत्येक जण आपापल्या शेवटच्या ओळीत चूक शोधत बसतो, पण मूळ बहुतेक ठिकाणी एकच आहे, एका लिस्टला एकापेक्षा जास्त नावं चिकटलेली असतात आणि आपल्याला वाटत असतं की तितक्या लिस्ट आहेत. म्हणून इथे नुसता "हे असं लिहा" असा इलाज न देता घोळ नक्की कुठे झालाय ते शोधायचं कसं ते सविस्तर लिहितोय, कारण इलाज पाठ करून उपयोग होत नाही, पुढच्या वेळी तोच घोळ वेगळ्या रूपात येतो.

कोडबद्दल आधी एक. खाली कोड देवनागरीत लिहिलाय, तुमच्या एडिटरमध्ये फॉर, डेफ, प्रिंट, अपेंड वगैरे शब्द आणि आकडे नेहमीसारखे रोमनमध्येच टाका. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवलीत तर खरंच चालतात, पायथॉन ३ आला तेव्हापासून म्हणजे २००८ पासून ही सोय आहे, शिकताना जरूर वापरून बघा.

आता सगळ्यात साधी केस घ्या.

वर्ग = ["सायली", "ओंकार", "तेजस"]
सहल = वर्ग
सहल.अपेंड("रेश्मा")
प्रिंट(वर्ग)

छापून येतं सायली, ओंकार, तेजस, रेश्मा. रेश्माला आपण फक्त सहलीच्या यादीत घातलं होतं, वर्गात कशी आली? तर दुसऱ्या ओळीत नवीन यादी तयारच झाली नाही. बरोबरचं चिन्ह पायथॉनमध्ये कॉपी करत नाही, ते फक्त नाव लावतं. एखाद्या मुलाला घरी बाळू म्हणतात आणि शाळेच्या पटावर त्याचं नाव वेगळं असतं, बाळूचे केस कापले की पटावरच्या मुलाचेही कापले गेले, कारण मुलगा एकच आहे. इथे वर्ग आणि सहल ही त्या एकाच लिस्टची दोन नावं आहेत.

सी प्लस प्लस आधी शिकलेल्यांना हे जास्त खटकतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण तिथे एक व्हेक्टर दुसऱ्याला असाइन केला की खरोखर सगळ्या एलिमेंटची कॉपी होते. जावावाल्यांना त्रास कमी होतो, कारण तिथला अ‍ॅरेलिस्ट पायथॉनसारखाच वागतो. म्हणजे तुम्ही कुठून आलात त्यावर पहिला धक्का किती मोठा ते ठरतं.

घोळ असा आहे अशी नुसती शंका आली तर आधी कोड बदलायला घेऊ नका, आधी तपासा. दोन हत्यारं आहेत. एक म्हणजे इज:

प्रिंट(सहल इज वर्ग)

ट्रू आलं तर दोन्ही नावं एकाच लिस्टची, फॉल्स आलं तर लिस्ट वेगळ्या. इथे दोन बरोबरची चिन्हं वापरली तर चालणार नाही, ती फक्त आतला माल सारखा आहे का ते सांगतात, दोन वेगळ्या लिस्टमध्ये सारखीच नावं असली तरी ट्रू येतं. दुसरं हत्यार आयडी फंक्शन, प्रिंट(आयडी(वर्ग), आयडी(सहल)) असं लिहायचं आणि दोन्ही आकडे सारखे आले की समजायचं. मोठ्या प्रोग्रॅममध्ये आयडी जास्त कामाला येतो कारण दोन नावं एकाच फंक्शनमध्ये नसतात, तेव्हा दोन्हीकडे आयडी छापून आकडे ताडून बघता येतात. फक्त दोन्ही लिस्ट त्या वेळी जिवंत पाहिजेत, एक लिस्ट संपली की तिचा आयडी दुसऱ्या नव्या लिस्टला मिळू शकतो आणि मग उगाच दिशाभूल होते.

आणि हो, इज हे लिस्टसाठी वापरतोय म्हणून आकड्यांची तुलना करायला इज वापरायला लागू नका. नेहमीच्या पायथॉनमध्ये म्हणजे सीपायथॉनमध्ये उणे ५ ते २५६ हे पूर्णांक आधीच बनवून ठेवलेले असतात, त्यामुळे छोट्या आकड्यांना इज बरोबर चालल्यासारखं वाटतं आणि मोठा आकडा आला की कधीतरी फसवतं.

आता कॉपी. वेगळी लिस्ट हवी असेल तर सहल = वर्ग[:] किंवा सहल = लिस्ट(वर्ग) किंवा सहल = वर्ग.कॉपी(), तिन्ही चालतात, काम तेच. कॉपी मेथड पायथॉन ३.३ मध्ये म्हणजे २०१२ ला आली म्हणून जुन्या ट्युटोरियलमध्ये सगळीकडे कोलनवाली पद्धत दिसते. मला स्वतःला कॉपी मेथड बरी वाटते, वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

इथे बरेच जण थांबतात आणि मग पुढच्याच आठवड्यात "कॉपी करूनही बदलते" म्हणून परत येतात. ही केस नीट बघा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

गुण = [["सायली", ७२], ["ओंकार", ६५]]
नवे = गुण.कॉपी()
नवे.अपेंड(["तेजस", ५८])
नवे[०][१] = ८०
प्रिंट(गुण)

तेजस गुण मध्ये आलेला नाही, म्हणजे कॉपी झाली हे खरं. पण सायलीचे गुण तिथेही ८० झालेत. अर्धं बदलतंय आणि अर्धं बदलत नाहीये, त्यामुळे डोकं जास्त फिरतं. कारण असं की कॉपीने बाहेरची लिस्ट नवीन बनवली पण आतल्या छोट्या लिस्ट त्याच ठेवल्या, नव्या लिस्टच्या पहिल्या खणातून आणि जुन्या लिस्टच्या पहिल्या खणातून बोट एकाच आतल्या लिस्टकडे दाखवलंय. तपासायचं असेल तर नवे इज गुण बघून उपयोग नाही, ते फॉल्सच येणार, नवे[०] इज गुण[०] बघा, ते ट्रू येईल. लिस्टच्या आत लिस्ट असेल, किंवा लिस्टच्या आत डिक्शनरी असेल (जेसन म्हणजे डेटा लिहून ठेवायचा एक साचा, त्यातून वाचून आलेला डेटा जवळजवळ नेहमी असाच असतो) तर एक पायरी आत जाऊन तपासायची सवय लावा.

इलाज दोन. कॉपी मॉड्यूल इंपोर्ट करून कॉपी.डीपकॉपी(गुण) म्हटलं की आत कितीही थर असले तरी सगळं वेगळं बनतं. पण सरसकट डीपकॉपी मारत सुटू नका, मोठ्या डेटावर ती हळू चालते, आणि जे वेगळं करायची गरजच नव्हती तेही सगळं वेगळं करत बसते. आतमध्ये एकच थर आहे हे माहीत असेल तर साधी लिस्ट कॉम्प्रिहेन्शन पुरते:

नवे = [ओळ.कॉपी() फॉर ओळ इन गुण]

ही वाचायलाही सोपी आणि वेगालाही बरी.

याच आतल्या थराचं दुसरं रूप म्हणजे फुली-गोळ्याचा खेळ. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टला हमखास असतो आणि पट बनवताना सगळे अशी ओळ लिहितात:

पट = [["-"] * ३] * ३
पट[०][०] = "फुली"

आणि फुली तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात उमटते. बाहेरच्या गुणिले ३ ने तीन ओळी बनवल्या नाहीत, एकच ओळ तीनदा लावली. पट[०] इज पट[१] छापून बघा, ट्रू येतं. मग आतलं ["-"] * ३ का बिघडत नाही असा चांगला प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर असं की तिथेही तीन खणात एकच डॅश आहे, पण स्ट्रिंग जागच्या जागी बदलताच येत नाही, आपण त्या खणात दुसरी वस्तू ठेवतो, म्हणून शेजारच्या खणाला काही होत नाही. लिस्ट जागच्या जागी बदलता येते म्हणून तिथे झळ लागते. बरोबर ओळ अशी:

पट = [["-"] * ३ फॉर आय इन रेंज(३)]

प्रत्येक फेरीला चौकोनी कंस नव्याने चालतो म्हणून प्रत्येक वेळी नवीन ओळ मिळते. याचाच सख्खा भाऊ म्हणजे डिक्ट.फ्रॉमकीज(तालुके, []), तालुकावार याद्या करायला घेतात आणि हवेलीत घातलेलं नाव मुळशीतही दिसतं आणि मावळातही, कारण सगळ्या कीजना एकच रिकामी लिस्ट वाटलीय. तिथे डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन वापरा नाहीतर कलेक्शन्स मॉड्यूलमधला डिफॉल्टडिक्ट(लिस्ट) वापरा.

आता फंक्शनवाली केस, जी मला सगळ्यात धोकादायक वाटते कारण ती स्वतःच्या लॅपटॉपवर टेस्ट करताना सहसा सापडत नाही.

डेफ नोंदव(नाव, यादी=[]):
    यादी.अपेंड(नाव)
    रिटर्न यादी

नोंदव("सायली") म्हटलं की फक्त सायली येते, बरोबर. मग नोंदव("ओंकार") म्हटलं की सायली आणि ओंकार दोघं येतात. लोकांची समजूत असते की यादी=[] ही ओळ प्रत्येक कॉलला चालते, पण डिफॉल्ट किंमत फक्त एकदाच, डेफची ओळ वाचली जाते तेव्हा बनते आणि फंक्शनला चिकटून राहते. नोंदव.__डिफॉल्ट्स__ छापून बघा, ती लिस्ट तिथे फुगत चाललेली डोळ्याने दिसेल. आता कल्पना करा की हे फंक्शन फ्लास्क किंवा जँगो या पायथॉनच्या साधनांनी बनवलेल्या वेबसाइटमध्ये आहे, तिथे प्रोसेस तासन् तास चालू असते, एका माणसाच्या रिक्वेस्टमधला डेटा त्या लिस्टमध्ये राहतो आणि पुढच्या भलत्याच माणसाला दिसतो. तुम्ही मात्र दर वेळी प्रोग्रॅम नव्याने चालू करून एकदाच टेस्ट करता त्यामुळे तुमच्याकडे सगळं छान चालतं. म्हणून ही सवय पहिल्या दिवसापासून मोडायला पाहिजे असं मी आग्रहाने सांगेन. बरोबर फंक्शन असं, यात नन म्हणजे पायथॉनमधलं "काहीच नाही":

डेफ नोंदव(नाव, यादी=नन):
    इफ यादी इज नन:
        यादी = []
    यादी.अपेंड(नाव)
    रिटर्न यादी

यात "इफ नॉट यादी" असं लिहिलेलं खूप कोडमध्ये दिसतं, ते लिहू नका. समजा कॉल करणाऱ्याने मुद्दाम स्वतःची रिकामी लिस्ट पाठवली आणि ती भरून मिळेल म्हणून वाट बघतोय, तर नॉट यादी हे रिकाम्या लिस्टलाही खरं ठरतं, फंक्शन गुपचूप वेगळी लिस्ट घेतं आणि त्याची लिस्ट रिकामीच राहते. इज नन म्हणजे इज ननच लिहायचं. क्लासमध्येही हेच होतं, क्लासच्या अंगात सामान = [] लिहिलं आणि इनिट मध्ये सेल्फ.सामान लिहिलं नाही तर सगळ्या ऑब्जेक्टचं सामान एकच. डेटाक्लास (पायथॉन ३.७, २०१८) वापरलात तर तो तिथेच व्हॅल्यूएरर देऊन अडवतो आणि डिफॉल्ट फॅक्टरी वापरायला सांगतो, ही चांगली गोष्ट आहे.

फंक्शनचा विषय निघालाच आहे तर तोंडी परीक्षेतला तो प्रश्नही घेऊन टाकू, पायथॉनमध्ये कॉल बाय व्हॅल्यू आहे की कॉल बाय रेफरन्स. दोन्हीपैकी एक सांगितलं तर समोरचा उलटा दाखला देऊ शकतो. फंक्शनमध्ये यादी.अपेंड केलं तर बाहेर बदल दिसतो, म्हणजे व्हॅल्यू नाही. फंक्शनमध्ये यादी = [१, २] केलं तर बाहेर काहीच होत नाही, म्हणजे रेफरन्सही नाही. याला कॉल बाय शेअरिंग म्हणतात, बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेपासून म्हणजे १९७० च्या दशकापासून हे नाव आहे. फंक्शनला तुमची लिस्टच मिळते, फक्त तिला आतलं एक नवीन नाव लागतं. ते नाव उचलून दुसरीकडे लावलं तर बाहेरच्या नावाला काय फरक पडणार? पण त्या नावाने लिस्टच्या आत हात घातला तर तो सगळ्यांना दिसणार.

हाच फरक रिकामं करताना फार नडतो. सहल = [] म्हणजे सहल हे नाव नव्या रिकाम्या लिस्टला लावलं, जुनी लिस्ट जिथे होती तिथे भरलेलीच आहे. सहल.क्लिअर() म्हणजे ती लिस्टच रिकामी केली, मग तिची बाकी जितकी नावं असतील त्या सगळ्यांना रिकामी दिसणार. फाइलमधून ओळी वाचताना असा कोड फार बघायला मिळतो की ओळ नावाची एक लिस्ट लूपच्या बाहेर बनवलीय, प्रत्येक फेरीत ती भरली, सगळ्या.अपेंड(ओळ) केलं आणि मग ओळ.क्लिअर(). शेवटी सगळ्या मध्ये हजार रिकाम्या लिस्ट. खरं तर हजार नाहीतच, एकच रिकामी लिस्ट हजार खणात आहे. ओळ = [] लूपच्या आत आणा, क्लिअर काढून टाका, झालं.

प्लेसमेंटसाठी बॅकट्रॅकिंगचे (एक वाट धरायची, मग मागे येऊन दुसरी धरायची) प्रॉब्लेम करणाऱ्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. सगळे सबसेट काढा, सगळी परम्युटेशन काढा अशा प्रॉब्लेममध्ये लॉजिक बरोबर असतं, रिकर्शन बरोबर असतं, आणि उत्तरात नुसते रिकामे कंस येतात, मग पोरं तासभर रिकर्शनचं झाड काढत बसतात. बघायची ओळ एकच असते, उत्तर.अपेंड(मार्ग). मार्ग ही लिस्ट पुढे अपेंड-पॉप होत शेवटी रिकामी होते आणि उत्तरात ठेवलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे तोच मार्ग. तिथे उत्तर.अपेंड(मार्ग[:]) करा, बाकी काही बदलायला नको.

अधिक-बरोबरची भानगड पण यातच येते. क = क + [३] म्हटलं की नवीन लिस्ट बनते आणि क हे नाव तिला लागतं, जुन्या लिस्टला धरून बसलेलं दुसरं नाव तसंच राहतं. क += [३] म्हटलं की तीच लिस्ट लांबते आणि दुसऱ्या नावालाही ३ दिसतो. गणितात दोन्ही एकच वाटतात, लिस्टमध्ये नाहीत. इतकं की टपलच्या (म्हणजे खण बदलता न येणाऱ्या यादीच्या) आत लिस्ट असेल आणि तिच्या खणावर += केलं तर टाइपएरर येतो आणि तरीही आतली लिस्ट बदललेली असते, विश्वास बसत नसेल तर करून बघा.

आणि मराठी डेटावाल्यांसाठी खास, शहरं += "पुणे" असं चुकून लिहिलं (चौकोनी कंस राहिला) तर एरर येत नाही, लिस्टमध्ये चार वेगळे तुकडे घुसतात, प, मग सुटा उकार, मग ण, मग सुटी मात्रा, कारण युनिकोडमध्ये पुणे हा शब्द चार कोडपॉइंटचा (म्हणजे क्रमांक दिलेल्या चार सुट्या चिन्हांचा) आहे आणि += ने स्ट्रिंगचा एकेक तुकडा वेगळा करून घातला. छापल्यावर ती सुटी चिन्हं ठिपक्यांच्या गोलाबरोबर विचित्र दिसतात आणि लोक फॉण्ट बिघडला, एन्कोडिंग बिघडलं म्हणून भलतीकडेच शोधत जातात. एक्स्टेंड("पुणे") नेही तेच होतं. एकच गोष्ट घालायची तर अपेंड वापरा.

आता "सॉर्ट केली आणि लिस्ट गायब" वाली केस.

वर्ग = वर्ग.सॉर्ट()

यानंतर वर्ग म्हणजे नन, आणि पुढे कुठेतरी अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो की ननटाइप ऑब्जेक्टला अपेंड नाही. सॉर्ट मेथड लिस्ट जागच्या जागी लावते आणि काहीच परत देत नाही, म्हणजे नन देते, ते नन आपण वर्ग या नावाला लावलं आणि चांगली लावलेली लिस्ट हातातून सोडून दिली. हे मुद्दाम तसं ठेवलंय, पायथॉनच्या अधिकृत प्रश्नोत्तरातच लिहिलंय की सॉर्ट करताना कॉपी होत नाही, जुना क्रम जातो, हे तुमच्या लक्षात राहावं म्हणून ती लिस्ट परत देत नाही. अपेंड, एक्स्टेंड, इन्सर्ट, रिमूव्ह, रिव्हर्स, क्लिअर, सगळ्यांचं तसंच, लिस्ट बदलणाऱ्यांपैकी फक्त पॉप काढलेली वस्तू हातात देते. जुनी लिस्ट तशीच ठेवून लावलेली नवीन हवी असेल तर सॉर्टेड(वर्ग) वापरा. दोन्हीच्या पोटात टिमसॉर्ट हीच पद्धत आहे, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिलेली, त्यामुळे वेगाची चिंता करून निवडायचं कारण नाही, जुना क्रम लागणार आहे का एवढंच विचारा.

मराठी नावं लावत असाल तर अजून एक, क्रम कोडपॉइंटप्रमाणे लागतो, आपल्या शब्दकोशाप्रमाणे नाही. ळ तिथे ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मतदार यादीसारखं काही छापायचं असेल तर की म्हणून स्वतःचं फंक्शन द्यावं लागेल.

लूपमधून काढून टाकायची केस वरवर वेगळी वाटते.

संख्या = [२, ४, ५, ६, ८]
फॉर न इन संख्या:
    इफ न % २ == ०:
        संख्या.रिमूव्ह(न)

फक्त ५ उरायला हवा, उरतात ४, ५, ८. फॉर लूप लिस्टची कॉपी घेऊन बसत नाही, तो त्याच लिस्टवर "आता कितवा खण" एवढाच आकडा धरून चालतो. पहिला २ काढला की ४ सरकून पहिल्या खणात आला, लूप मात्र दुसऱ्या खणाकडे गेला, तिथे ५, म्हणजे ४ बघितलाच गेला नाही. मग ६ निघाला, ८ सरकला आणि लूप संपला. म्हणजे इथेही एकच लिस्ट दोघांच्या हातात आहे, तुमच्या आणि लूपच्या. डिक्शनरीत असं केलं तर पायथॉन रनटाइमएरर देऊन थांबवतो, लिस्टमध्ये थांबवत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे देतो. आणि लूप चालू असताना त्याच लिस्टमध्ये दर फेरीला अपेंड केलं तर लूप संपतच नाही, मेमरी भरत जाते.

संख्या = [न फॉर न इन संख्या इफ न % २ != ०] हा इलाज बहुतेक वेळा पुरतो. पण ही लिस्ट जर प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणी धरून ठेवली असेल आणि त्यांनाही बदल दिसायला हवा असेल, तर डावीकडे संख्या[:] लिहा, मग नवीन लिस्टला नाव न लावता जुन्याच लिस्टचा माल बदलला जातो. कोलन आणि चौकोनी कंसाचाच फरक, पण वरचं सगळं कळलं असेल तर कुठे कुठला वापरायचा ते आता तुम्हीच ठरवू शकता.

ज्युपिटर नोटबुकवाल्यांची तक्रार वेगळी असते, लिस्ट दुप्पट होते, तिप्पट होते. वरच्या सेलमध्ये निकाल = [] आहे आणि खालच्या सेलमध्ये अपेंड. खालचा सेल परत चालवला की त्याच जिवंत लिस्टमध्ये परत भर पडते, वरचा सेल परत चाललेला नसतो. लिस्ट रिकामी करायची ओळ आणि भरायचा लूप एकाच सेलमध्ये ठेवा, आणि कुणाला पाठवायच्या आधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवा, आकडे तेव्हाच खरे धरा.

शोधायला अजून मदत हवी असेल तर फिलिप गुओ यांचं पायथॉन ट्यूटर हे ऑनलाइन साधन उघडा, तुमचा छोटा कोड टाका आणि एकेक ओळ पुढे न्या, कुठल्या नावापासून कुठल्या लिस्टकडे बाण जातो ते चित्रात दिसतं, दोन बाण एका ठिकाणी मिळाले की घोळ तिथेच. नवीन मुलांना शिकवणाऱ्यांनी तर फळ्यावर चौकोन काढण्यापेक्षा हेच दाखवावं असं माझं मत आहे. आणि मोठ्या कोडमधल्या डिफॉल्ट लिस्ट पकडायला कोड न चालवता तपासणारी साधनं आहेत, पायलिंट डब्ल्यू०१०२ म्हणून इशारा देतो, रफ मध्ये बी००६ हा नियम चालू केला की तोही पकडतो. बाकीच्या केसेस मात्र अशा हत्यारांना सहसा कळत नाहीत, तिथे इज आणि आयडी छापूनच बघावं लागतं.

एक मात्र नमपायकडे (आकडेमोडीसाठीची पायथॉन लायब्ररी) वळताना विसरू नका. लिस्टचा स्लाइस घेतला की वेगळी लिस्ट मिळते या सवयीवर आपण वर सगळीकडे विसंबलो, नमपायच्या अ‍ॅरेचा स्लाइस मात्र मूळ अ‍ॅरेवरचीच खिडकी असते, तो बदलला की मूळही बदलतं, आणि तिथे इज विचारलं तर फॉल्स येतं कारण खिडकी हा वेगळा ऑब्जेक्ट असतो, फक्त डेटा एक असतो. तिथे तपासायला नमपायचं शेअर्स मेमरी हे फंक्शन वापरा, आणि वेगळा अ‍ॅरे हवा असेल तर स्लाइसपुढे .कॉपी() लिहा.